पहिली-दुसरीच्या मनाचं नियोजन

आमच्या शाळेत त्या काळी सरकारी पत्र आलं की त्याच्या माथ्यावर 'उस्मानाबाद' छापलेलं असायचं. त्यावर शाईची एक आडवी रेघ आणि शेजारी जांभळ्या शिक्क्यात 'लातूर'. जिल्हा नवा झाला होता, पण जुने कागद अजून संपले नव्हते. कधी रेघ मारायची राहून जायची, कधी शिक्का उलटा उमटायचा. आमचे हेडमास्तर ते पत्र डोळ्यांपासून लांब धरत आणि म्हणत, "बघू बाई, आज आपण कोणच्या जिल्ह्यात हाव ते."

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर असंच एक पत्र आलं. प्रत्येक तालुक्यातून प्राथमिकच्या दोन-तीन शिक्षकांनी एका दिवसाच्या बैठकीला लातूरला यावं, असं त्यात होतं. कशाची बैठक, ते शिक्क्याखाली झाकलं गेलं होतं.

"तुम्ही जा," गुरुजी मला म्हणाले. हेडमास्तरांना आम्ही सगळे गुरुजीच म्हणायचो. "तुमचं अक्षर चांगलं हाय. आन् आमाला काय, आता दोन वर्षांत घरी बसायचं."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. माहेर देगलूरचं, वडील पोस्टात. नांदेडला डी.एड. केलं आणि औशाजवळच्या या चार खोल्यांच्या शाळेत नोकरी लागली. राहायला औशात एका नर्सबाईंकडे खोली होती. सकाळच्या बसनं फाट्यावर उतरायचं आणि तिथून गावापर्यंत चालायचं. पहिली आणि दुसरी हे दोन्ही वर्ग माझ्याकडे, एकाच खोलीत. पहिली भिंतीकडे, दुसरी दाराकडे.

लातूरला नव्या जिल्ह्याची कचेरी अजून भाड्याच्या जागेत होती. बाजूला डाळीची गिरणी. तिची घरघर चालू झाली की बोलणाऱ्यानं थांबायचं आणि ती थांबली की पुढं बोलायचं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून आम्ही सतरंजीवर बसलो. समोर एक तरुण अधिकारी उभे होते. पुण्याकडून कसलंसं शिक्षण घेऊन नुकतेच इकडे आले होते. त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला: समुपदेशन. आम्ही तो पहिल्यांदाच पाहिला. मागच्या रांगेतल्या एकानं तो हळू आवाजात वाचायचा प्रयत्न केला आणि मधेच सोडून दिला.

अधिकारी म्हणाले, लहान मुलांना धड्यांखेरीज आठवड्यातून एक तास द्यायचा. त्यांची भीती, राग, मैत्री, घर यांवर बोलायचं. त्याचं वर्षभराचं नियोजन हवं, जून ते एप्रिल. एका तालुक्याचं चांगलं जमलं तर ते सगळ्या जिल्ह्याला देता येईल.

एक जाडजूड मास्तर उठले. "साहेब, पहिलीच्या पोराला मन कुठलं आलंय? त्याला अजून नाक पुसायची अक्कल नसते."

सगळे हसले. अधिकारी हसले नाहीत. गिरणी थांबेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "मन नसतं तर शाळेच्या पहिल्या दिवशी ते रडतं कशानं?"

मी मान डोलावली. नकळत जरा जास्तच जोरात डोलावली असणार, कारण त्यांचं बोट माझ्याकडे वळलं. "बाई, औशाचं नियोजन तुम्ही लिहा."

त्यांनी मला नमुन्याचे तीन कागद दिले. सायक्लोस्टाइलची शाई बोटांना लागली ती देगलूरला पोचेपर्यंत गेली नव्हती.

त्या सुट्टीत मी दुसरं काही केलं नाही. दुकानातून रेघांचे मोठे ताव आणले, खळ लावून एकाला एक जोडले, तर ते आमच्या पुढच्या खोलीची अर्धी फरशी व्यापून बसले. वर्षाचे महिने एकाखाली एक, आणि आडवे रकाने: विषय, उद्दिष्ट, कृती, साहित्य, काय साधलं. जूनला 'शाळेची ओळख'. जुलैला 'माझं शरीर, माझी स्वच्छता'. ऑगस्टला 'भीती', सप्टेंबरला 'मैत्री', दिवाळीआधी 'राग आला तर'. डिसेंबरात सहल. मार्चला 'मी मोठा झालो'. लाल शाईनं विषय आणि निळ्यानं बाकीचं. आमच्या गल्लीत एका बाजूनं तेलुगू, दुसऱ्या बाजूनं कन्नड ऐकू यायची आणि मधे मी फरशीवर पालथी पडून शुद्ध पुस्तकी मराठीत उद्दिष्टं लिहीत असायची. 'विद्यार्थी आपल्या भावना योग्य शब्दांत व्यक्त करू शकतील.' लिहून झालं की मी ते लांबून बघायची. इतकं सुंदर काही मी त्याआधी केलं नव्हतं, असं मला खरंच वाटायचं.

आई चौथीपर्यंत शिकलेली. ती ताव ओलांडून जाताना साडी वर धरायची, जसं काही खाली पाणी आहे. एकदा थांबली आणि वाचू लागली.

"मैत्रीच्या महिन्यात काय करून घेणार हायस?"

"गाणी आहेत. चित्रं. 'माझा मित्र' म्हणून दोन ओळी बोलायच्या."

आई तावाच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "मी शाळेत होते तवा मला दाराजवळ बसवत. पाणी वरून वतायचे वंजळीत. गाणी लई म्हणलो आम्ही सगळ्यांनी मिळून. सारखीच गाणी. पण खायची सुट्टी झाली की मी चिंचेखाली एकटी." तिनं बोट त्या रकान्यावर ठेवलं. "डबा एका जागी खायला बसव. गाण्यानं काय होतंय."

मी ते लिहून घेतलं. आईचं ऐकलं म्हणून लिहिलं, नियोजनात ते शोभतं की नाही याचा विचार मनात होताच. बाकीचं सगळं नमुन्याच्या कागदाबरहुकूम.

जूनमध्ये शाळा उघडली. मी तो लांबलचक ताव वर्गातल्या भिंतीवर चार खिळ्यांनी ठोकला. गुरुजी बघायला आले. ते शाळा शिकले ती निजामाच्या राज्यात, उर्दूतून; मराठी अक्षर त्यांनी मोठेपणी गिरवलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि सगळा ताव डावीकडून उजवीकडे वाचला.

"तजवीज तर नामी हाय," ते म्हणाले. "आता पोरं तेवढी त्याच्यापरमानं वागली म्हंजे झालं."

त्या वर्षी पाऊस झाला नाही. आदल्या वर्षीही बेताचाच झाला होता. मृग कोरडा गेला. शाळेच्या मागचं रान पांढरं पडलं. गावाच्या विहिरीत पाणी इतकं खाली गेलं की बाया आळीपाळीनं आत उतरून वाटीनं घागर भरायच्या. मी हे रोज फाट्यावरून येताना बघत होते. आणि तरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भिंतीवर लिहिलं होतं म्हणून, मी वर्गासमोर उभी राहिले आणि विचारलं, "आज अंघोळ करून कोण कोण आलंय? हात वर करा."

तीन-चार हात वर झाले. त्यांत दुसरीतल्या एका मुलीचा हात होता. ती डावखुरी होती, पाटीवर डाव्या हातानं लिहायची, आणि हातही तिनं डावाच वर केला होता. वर्गातली सगळ्यात बोलकी मुलगी. पहिलीच्या मुलांना बेरीज तीच शिकवायची.

मागून कुणीतरी ओरडलं, "खोटं बोलायलीय, बाई! तिच्या घरी प्यायलाबी पाणी न्हाई. रांजण उलटा हाय त्यांचा!"

सगळा वर्ग हसला. मी हसले नाही, पण मी हसणं थांबवलंही नाही. माझ्या कागदावर पुढची कृती लिहिलेली होती, 'स्वच्छ मुलांचे कौतुक करणे', आणि मी तिकडे बघत होते. तिनं हात खाली घेतला. मग त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. दाराला कडी होती. शेजारच्या म्हातारबाबांनी सांगितलं, सगळे कामावर गेलेत, पाझर तलावाच्या. रोजगार हमीचं काम गावापासून कोसभर लांब चाललं होतं. मी चालत गेले. बाया रांगेनं मातीच्या पाट्या डोक्यावरून नेत होत्या. बाजूला बाभळीच्या सावलीला लुगड्याची झोळी बांधलेली, त्यात तान्हं मूल, आणि झोळीला झोका देत माझी विद्यार्थिनी बसलेली. मला बघून ती उठली नाही. उलट बाजूला तोंड केलं.

तिची आई पाटी खाली ठेवून आली. मातीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. तिनं पदर नीट केला आणि विचारलं, "बाई, तुमी वर्गात अंघोळीचं इचारलं म्हणं?"

"हो," मी म्हणाले.

"दोन दिस झाले, जेवली न्हाई धड. म्हणती, मी खोटारडी झाले." ती रागावली नव्हती, आणि तेच जास्त लागलं. "खोटं न्हाई बोलली ती. फडकं वलं करून अंग पुसून दिलतं मी. तिला वाटलं तीच अंघोळ. आता इथं दुसरी कोणची अंघोळ हाय, सांगा."

डी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी झोळीपाशी गेले, खाली बसले आणि त्या मुलीला म्हणाले, "माझं चुकलं. मी विचारायला नको होतं."

ती झोका देत राहिली. मग म्हणाली, "तुमी केली व्हती का अंघोळ?"

औशात दोन दिवसांआड नळ येत होता. "त्या दिवशी नव्हती केली," मी म्हणाले. ते खरं होतं.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मग तुमी हात वर का न्हाई केला?"

हा प्रश्न मी पुढं किती वर्षं मनात घोळवला असेल! त्या वेळी एवढंच म्हणाले, की उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगते. ती म्हणाली, सांगा. पण मी आले तर सांगा.

दुसऱ्या दिवशी ती आली, भावाला कडेवर घेऊन. मी वर्गाला सांगितलं की त्या दिवशी मी स्वतःच अंघोळ केलेली नव्हती आणि तरी तुम्हाला विचारत होते. ही खोटं बोलली नव्हती. मग पहिलीतला एक जण उठून म्हणाला, "बाई, मीबी न्हाई केली." आणि एकेक करत सगळे सांगायला लागले, की त्यांनी किती दिवसांत नाही केली. त्यात चढाओढ लागली. डावखुरीच्या चेहऱ्यावर हसू आलं तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

मधल्या सुट्टीत मी खिळे उपटायला लागले. गुरुजींनी दारातून बघितलं.

"काय करायलाव?"

"फाडून टाकते गुरुजी. सगळं गलत आहे."

"कागद कशाला फाडायचा? त्याचा काय कसूर?" ते आत आले. "बाई, तुम्ही हे देगलुरात बसून लिहिलं. पोरं हितं हायेत. त्यांना इचारलं का कधी, की तुमच्या जिवाला कशाची फिकीर लागलीय?" त्यांनी तावाच्या शेवटच्या रकान्यापुढची कोरी जागा दाखवली. "हितं अजून एक रकाना निघतो. जुनं ऱ्हाऊ द्या. नवं शेजारी लिहा."

त्या शुक्रवारी शेवटच्या तासाला मी मुलांना अंगणातल्या कडुलिंबाखाली गोल बसवलं, मीही त्यांच्यातच बसले आणि विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते? मला वाटलं होतं भूत, साप, अंधार असं काही येईल. नमुन्याच्या कागदात तसंच होतं.

एक मुलगी म्हणाली, आई विहिरीत उतरते तेव्हा. दोर तुटला तर?

एक जण म्हणाला, टँकर येतो तेव्हा. सगळी माणसं ओरडतात, त्याचा बापही ओरडतो, आणि त्याचा बाप एरवी कधी ओरडत नाही.

एकीला भीती होती की मामाच्या गावाला पाठवलेली गाय परत आली तर तिला ओळखणार नाही. एक जण म्हणाला, आक्काचं लग्न पुढं ढकललं, आता ती सारखी रडते. पहिलीतली सगळ्यात लहान मुलगी म्हणाली, "शाळा बंद पडंल मनून." का बंद पडेल, असं विचारलं तर म्हणाली, "दिवाळीनंतर सगळेच जाणार की कारखान्यावर. मग तुमी कुणाला शिकवणार?"

ते मला माहीत नव्हतं. गावातली निम्मी घरं त्या वर्षी ऊसतोडीला जायची ठरली होती, आणि ही बातमी माझ्याआधी सहा वर्षांच्या मुलीला होती.

मी जुलै-ऑगस्टची मांडणी पुन्हा केली. यावेळी लाल शाई वापरली नाही. ऑगस्टचा महिना त्यांनी सांगितलेल्या एकेका भीतीला दिला. विहिरीच्या तासाला गुरुजी स्वतः आले आणि दोर कसा वळतात, तो किती माणसांचं वजन पेलतो हे त्यांनी मुलांना दोर ओढायला लावून दाखवलं. सगळी पहिली-दुसरी एका बाजूला आणि गुरुजी दुसऱ्या बाजूला. दोर तुटला नाही, गुरुजी मात्र पडले. मुलं इतकी हसली की तिसरी-चौथीचे वर्ग बाहेर आले. दोराची भीती त्यानं गेली असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलीनं घरी जाऊन आईचा दोर ओढून बघितला, असं तिच्या आईनं मला सांगितलं.

सप्टेंबरात आईनं सांगितलेली गोष्ट आली. सगळ्यांनी डबे एका जागी उघडून बसायचं. गावात दोन-तीन घरांतून कुरकुर झाली. एका शेतकऱ्याची बायको शाळेत आली आणि आमच्या पोराला वेगळं बसवा म्हणाली. तिचं बोलणं माझ्याशी चाललं होतं, पण नजर गुरुजींवर होती. गुरुजी तिच्याच भावकीतले, दोन बैलजोड्यांचे शेतकरी. त्यांनी काही भाषण दिलं नाही. आपला डबा उघडला, माझ्यापुढं सरकवला, माझ्या डब्यातली भाकर मोडून घेतली आणि खाता खाता तिला म्हटलं, "बस की वैनी, चटणी लई झणझणीत हाय बाईंची." ती बसली नाही. पण पोराला घेऊनही गेली नाही. डब्यांत तेव्हा असायचं तरी काय? कुणाकडे ज्वारीची अर्धी भाकर, कुणाकडे नुसती सरकारी गोड पिठाची सुकडी. मधोमध ठेवली की ती जरा जास्त दिसायची.

दिवाळीनंतरचं नियोजन करणं मला सगळ्यात जड गेलं. जे जाणार त्यांचं काय, आणि जे राहणार त्यांचं काय? आम्ही शाळेच्या अंगणात चुन्यानं मोठा नकाशा काढला. मधे आमचं गाव, मग औसा, लातूर, आणि तिथून लांब जाणारे रस्ते. ज्याचं घर जिथं जाणार त्यानं तिथं आपल्या आवडीचा खडा ठेवायचा. वडिलांनी देगलूरहून पोस्टकार्डांचा गठ्ठा पाठवला होता. जाणाऱ्या प्रत्येकाच्या दप्तरात मी शाळेचा पत्ता लिहिलेलं एक कार्ड ठेवलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी चित्र काढायचं असं ठरलं. डावखुरीनं आपली पाटी शेजारणीला दिली. "पुसू नको ह," एवढंच म्हणाली. पाटीवर तिनं सातचा पाढा लिहिलेला होता, पस्तीसपर्यंत.

मग एका सकाळी वर्गात सतरा मुलं उरली. पटावर दुपटीपेक्षा जास्त. आवाज इतका कमी, की मी बोलताना माझंच मला विचित्र वाटायचं.

शुक्रवारचा तास मात्र चालूच राहिला. आलेली कार्डं त्यात वाचायची. सगळी मिळून पाच आली. एकावर फक्त एक बैलगाडी होती आणि गाडीखाली झोपलेलं कुत्रं. त्या कुत्र्यावर आम्ही पाऊण तास बोललो.

जानेवारीत ते अधिकारी तपासणीला आले. जीप बघून मुलं आधी घाबरली, मग तिच्याभोवती जमली. साहेब भिंतीवरचा ताव बघत उभे राहिले. डाव्या बाजूला त्यांचा नमुना, सुबक लाल-निळा. उजव्या बाजूला माझी खाडाखोड. 'सहल'समोर 'पोस्टकार्ड', 'स्वच्छ मुलांचे कौतुक'समोर फुली.

"बाई, हे आपण ठरवलं होतं तसं नाही."

"नाही साहेब."

मला वाटलं आता शेरा मिळणार. मी म्हणाले, तास शेवटचा आहे, तुम्ही बसलात तर बरं होईल. ते लिंबाखाली गोलात बसले, बूट काढून. त्या दिवशी पुन्हा भीतीचाच विषय निघाला, कारण एकाच्या वडलांचं बरेच दिवस काही कळलं नव्हतं. तो बोलला, बाकीचे बोलले. मग त्या सगळ्यात लहान मुलीनं साहेबांकडे वळून विचारलं, "तुमी कशाला भेता?"

मी तिला गप्प करणार होते. साहेबांनी हातानं मला थांबवलं. मुलं वाट बघत होती, त्यांना आता त्याची सवय झाली होती.

"माझं घर लांब आहे," ते म्हणाले. "बायको, मुलगी तिकडेच आहेत. इथं खोलीवर मी एकटा जेवायला बसतो ना, तेव्हा मला भीती वाटते. कशाची ते नाही सांगता येत."

कुणी हसलं नाही. ती मुलगी म्हणाली, "मग हितं येत जावा की डबा घिऊन."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. जाताना शेरेबुकात त्यांनी लिहिलं: 'नियोजनातील बदल पाहिले. समाधानकारक.' एवढंच. मी गुरुजींना दाखवलं, तर ते म्हणाले, "समाधान कुणाला झालं ते न्हाई लिहिलं."

होळीनंतर माणसं परतू लागली. एप्रिलच्या सुरुवातीला एक दिवस मी वर्गात आले, तर दाराकडच्या रांगेत डावखुरी बसलेली. उन्हानं काळी झालेली, उंच झालेली, आणि हातांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा. शेजारणीनं पाटी परत दिली होती. पाढा धड राहिला नव्हता, पण पुसला नव्हता.

त्या शुक्रवारी मी तिला विचारलं, बोलशील का? ती उठून उभी राहिली आणि बोलतच राहिली. मोळी कशी बांधतात, गाडीत ऊस भरताना आई कशी वर चढते, राहायच्या कोप्या कशा उभारतात, भावाला झोळीत टाकून ती पाचटाच्या ढिगाशी कशी बसायची आणि कोल्हा आला म्हणून एकदा कशी ओरडली. कारखान्याजवळ नदी होती. तिथं पाणी होतं. "बाई, मी रोज अंघोळ केली," ती म्हणाली, "दोनदा केली एका दिवशी." आणि मग जरा थांबून, "पण हितली कुणी नव्हती ना संगं." टोल द्यायची वेळ होऊन गेली. गुरुजी टोलाजवळ हातोडी घेऊन उभे होते; ऐकत होते. त्या दिवशी शाळा उशिरा सुटली.

वर्षअखेरीस मी तो ताव खिळ्यांवरून काढला, घडी केली आणि लातूरला दिला. साहेबांची तोवर बदली झाली होती. पुढच्या जूनला जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना छापील नियोजन आलं. ते पहिल्या नमुन्याबरहुकूमच होतं, जुलैच्या रकान्यात स्वच्छता. माझ्या तावाचं काय झालं ते कुणाला विचारणार? गुरुजी निवृत्त झाले, नंतर फार जगले नाहीत. मी त्या शाळेत आणखी चार वर्षं होते, मग नांदेडकडे बदली झाली.

आता लातुरात मोठमोठ्या शाळा झाल्यात, शिकवण्यांच्या इमारती झाल्यात, आणि समुपदेशक म्हणून वेगळी माणसं नेमतात असं ऐकते. बरं आहे. माझ्या शुक्रवारच्या तासानं कुणाचं किती भलं झालं, ते मला माहीत नाही. डावखुरी सातवीपर्यंत शिकली आणि तिचं लग्न झालं, इतकं मला नर्सबाईंच्या पत्रातून कळलं. तिला अजून शिकवायला हवं होतं. मी तेव्हा तिथं नव्हते. पण त्या वर्षी आठवड्यातून एकदा, चाळीसेक मुलांतली जेवढी गावात उरली होती तेवढी, लिंबाच्या विरळ सावलीत गोल करून बसायची आणि एकाचं संपेपर्यंत दुसरं बोलायचं नाही. तो गोल मला अजून दिसतो. सावली सरकेल तसा आम्ही सगळे बसल्या बसल्या थोडे थोडे सरकायचो, बोलणं न थांबवता.